दाढेबरोबर दुखणे जावे, जंतू येऊ नयेत

दाढ ठणकायला लागली की माणूस फार चौकशी करीत बसत नाही. जवळचा, ओळखीचा, परवडणारा दवाखाना गाठतो आणि खुर्चीत बसून तोंड उघडतो. फी किती, दुखेल का, किती वेळा यावे लागेल, एवढे विचारले जाते. आता तोंडात जाणारे हत्यार याआधी कोणाच्या तोंडात होते आणि मधल्या वेळात त्याचे काय केले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

हा प्रश्न किती गंभीर आहे, ते तमिळनाडूतील एका घटनेने दाखवून दिले. २०२२-२३ मध्ये उत्तर तमिळनाडूत मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या मेलिऑइडोसिस या जिवाणूजन्य आजाराचे २१ रुग्ण आढळले. त्यांपैकी १० जणांचा संबंध तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियंबाडीच्या एकाच दंत दवाखान्याशी जुळला आणि या दहांपैकी आठ जण दगावले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधाचा निष्कर्ष साधा होता. सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडली जात होती आणि उरलेले सलाइन बाटली सैलसर बंद करून पुढच्या रुग्णांसाठी वापरले जात होते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दंतवैद्यकाचे शिक्षण घराजवळच मिळते. कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे, तर कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे. निर्जंतुकीकरण हा विषय प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासावा लागतो. त्यामुळे ‘ऑटोक्लेव्ह कशासाठी?’ असे विचारले तर बहुतेक डॉक्टर बरोबर उत्तर देतील. खरी अडचण येते ती संध्याकाळच्या गर्दीत.

समजा, सहा ते नऊ या तीन तासांत दहा रुग्ण आले आणि दवाखान्यात दात कोरण्याचे हँडपीस दोनच आहेत. हँडपीस धुणे, त्याला तेल देणे, पाकिटात बंद करणे, ऑटोक्लेव्हमधून काढणे आणि वाळवणे, याला पाऊण तास सहज जातो. मधेच वीज गेली, तर अर्धवट राहिलेली फेरी धरता येत नाही, ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. बाहेर बाकावर बसलेले रुग्ण घड्याळ पाहत असतात. अशा वेळी हँडपीस स्पिरिटने पुसून पुढच्या रुग्णासाठी घेण्याचा मोह होतो. म्हणजे प्रश्न हँडपीस किती आणि मदतनीस किती, या हिशेबाचाही आहे.

पुसणे पुरेसे का नाही, याचे कारण यंत्रातच आहे. हवेवर चालणारा हँडपीस मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. तो थांबतो त्या क्षणी तोंडातील लाळ आणि रक्ताचे सूक्ष्म कण आत ओढले जाऊ शकतात. बाहेरून पुसल्याने आतला भाग स्वच्छ होत नाही. म्हणूनच प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस उष्णतेने निर्जंतुक करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

पाण्यात उकळण्याची जुनी पद्धतही अपुरी आहे. १०० अंशांच्या पाण्यात बरेच जंतू मरतात, पण काही जिवाणूंचे कवचबंद बीजाणू तग धरतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ किंवा १३४ अंशांपर्यंत जाते आणि ठरलेला वेळ ते तापमान टिकले, तर बीजाणूही मरतात. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता तिथे पोहोचली, एवढेच कळते. यंत्र खरोखर काम करते आहे का, हे पाहायला जिवंत बीजाणू असलेली चाचणी अधूनमधून करावी लागते. गर्दीच्या दवाखान्यात सर्वांत आधी हीच चाचणी मागे पडू शकते.

सर्वाधिक काळजी हेपटायटिस-बीची घ्यावी लागते. या आजाराचा विषाणू वाळलेल्या रक्तात, पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकू शकतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता शंभरात सहा ते तीसपर्यंत असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात सुमारे तीन आहे. हेपटायटिस-बीची लस सहा महिन्यांत तीन डोसांत पूर्ण होते. डॉक्टर ती बहुधा विद्यार्थीदशेतच घेतात. पण हत्यारे धुणारी ताई किंवा कचरा उचलणारा मुलगा यांना ती दिली आहे का, हे दवाखान्याने तपासायला हवे. सुई टोचण्याची भीती त्यांनाच जास्त असते.

एचआयव्हीचा विषय सांगलीला नवा नाही. १९९०च्या दशकात हा जिल्हा राज्यातील जास्त लागण असलेल्या जिल्ह्यांत गणला जाई आणि प्रतिबंधाचे मोठे कामही इथेच उभे राहिले. त्या काळाने एक धडा दिला. रुग्ण पाहून सावधगिरी ठरवायची नाही. कोणाला कोणता आजार आहे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते आणि अनेकदा त्या रुग्णालाही ते माहीत नसते. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी तीच काळजी घ्यायची. असे केले, तर एचआयव्हीबाधित रुग्णाला परत पाठवण्याचे कारणच उरत नाही. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदाही उपचारांत असा भेदभाव करण्यास मनाई करतो.

कचऱ्याचेही तसेच. २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम एका खुर्चीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात. पाटणचा डोंगराळ भाग असो की जतचा माळ, नियम एकच. सुई घरच्या कचऱ्यात गेली, तर ती कचरा वेचणाऱ्याच्या हाताला टोचते.

रुग्णाने काय पाहावे? हत्यारांचे बंद पाकीट आपल्यासमोर उघडले जाते का? डॉक्टरांनी हात धुऊन नवे हातमोजे घातले का? त्याच हातमोज्यांनी मोबाइल किंवा ड्रॉवर हाताळून पुन्हा तोंडात हात घातला जातो का? सुई नवी आहे का? हँडपीस कसा निर्जंतुक करता, असे विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट ऑटोक्लेव्ह दाखवतो.

या काळजीला खर्च येतो, हेही रुग्णाने समजून घ्यावे. जादा हँडपीस, पाकिटे, हातमोजे, मदतनीसाचा पगार आणि कचरा नेणाऱ्या संस्थेचे शुल्क हे सगळे फीमध्ये धरलेले असते. दोन दवाखान्यांच्या फीची तुलना करताना हा फरक पाहावा. आणि हत्यारे निर्जंतुक होईपर्यंत थांबा, असे डॉक्टर म्हणाले, तर ती वीस-पंचवीस मिनिटे बाकावर बसून काढावीत.