सातपुड्यावरचं आकाश मोजणारे विद्यार्थी

राजवाडी होळीमुळे काठीचं नाव दूरवर गेलं. अक्कलकुवा तालुक्यातल्या या डोंगरी गावाच्या डोक्यावरचं आकाशही वेगळं आहे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. जमिनीपासून तीन-चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांच्या माऱ्याने विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा थर म्हणजे आयनांबर. भारतावर तो सर्वांत दाट असतो तो साधारण सूरत, अहमदाबाद, भोपाळच्या पट्ट्यात. सातपुडा त्याच्या लगतच आहे.

ऊन तर दक्षिणेत जास्त, मग इलेक्ट्रॉनची गर्दी इकडे कशी? देशाच्या दक्षिण टोकावरून पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जातं. तिथला विद्युतभारित वायू दिवसा वर उचलला जातो आणि चुंबकीय बलरेषांवरून घरंगळत, कारंज्याच्या पाण्यासारखा, उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतो. हेच विषुववृत्त जवळ म्हणून केरळातलं थुंबा निवडलं गेलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिलं रॉकेट उडालं. भारताच्या अवकाश संशोधनाचा श्रीगणेशा आयनांबराच्या ओढीनेच झाला, असं म्हणायला हरकत नाही.

याचा गावाशी संबंध काय? वनहक्काच्या दाव्यांसाठी सातपुड्यात जमिनीची मोजणी जीपीएसने होते. उपग्रहाचा संदेश वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि वाटेत या इलेक्ट्रॉनच्या गर्दीत रेंगाळतो. दुरुस्ती केली नाही, तर दाट आयनांबराच्या दुपारी दहा-पंधरा मीटरची चूक सहज होते. दोन एकरांच्या तुकड्याला ती परवडणारी नाही.

म्हणून इलेक्ट्रॉन मोजावे लागतात, आणि तेही एका ठिकाणाहून मोजून भागत नाही. इथे विद्यापीठं कामाला येतात. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये नेमकं हेच काम करणारा उपग्रह बांधायला घेतला. नाव ‘प्रथम’, वजन सुमारे दहा किलो. तो रेडिओलहरी पाठवणार, आयनांबरातून येताना त्या लहरींची कंपनाची दिशा फिरणार आणि किती फिरली यावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनचा हिशेब लागणार. ऐकणारे अँटेना इतर महाविद्यालयांच्या गच्चीवरही बसावेत, अशी योजना होती. उपग्रहापेक्षा ही कल्पना जास्त मोलाची वाटते.

इस्रोशी करार झाला. पण प्रक्षेपकात जागा मिळणं म्हणजे परीक्षांची मालिकाच. रॉकेटचे हादरे, निर्वात पोकळी, उष्णतेचे चढउतार हे सगळं सोसून दाखवायचं आणि शंभर प्रश्नांची उत्तरं द्यायची. पदवी चार वर्षांची, प्रकल्प नऊ वर्षांचा. एक तुकडी बाहेर पडताना पुढच्या तुकडीला सगळं समजावून जायची. अखेर २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून ‘प्रथम’ गेला.

त्याआधी तीनच महिने, २२ जूनला, पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ कक्षेत पोचला होता. वजन जेमतेम एक किलो. त्यात दिशा सांभाळायला मोटार नव्हती, चुंबक होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून तो आपोआप वळायचा.

महाराष्ट्रातली आणखी एक मोठी भागीदारी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल१ यानावरची ‘सूट’ ही दुर्बीण तिथे आकाराला आली. सूर्याचे जे अतिनील किरण ती टिपते, त्यांतले बरेचसे ओझोनमुळे जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. ६ जानेवारी २०२४ रोजी यान पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. आयनांबर घडवतो तो सूर्यच, तेव्हा दोन्ही कामं एकाच साखळीतली.

आयनांबराचा असा अभ्यास काठीच्या जवळ, सूरतेत, सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत चालतो. हवाई अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. जीपीएस आणि इस्रोच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले, यावरून तिथले संशोधक आयनांबराच्या या दाट पट्ट्याचे चढउतार नोंदवतात.