यंत्राची खोड आणि आभासी संगणक

कावेरीकाठच्या कुंभकोणम् नगरीत दर बारा वर्षांनी महामहम् उत्सव भरतो. २०१६ सालच्या फेब्रुवारीत तो भरला, तेव्हा तेथील तीर्थात स्नानासाठी लाखो यात्रेकरू लोटले होते. अशा गर्दीत पंढरपूरकडचा एखादा यात्रेकरू उतरला आहे आणि त्याला तमिळ येत नाही, अशी कल्पना करावी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. घरी मराठी व बाजारात तमिळ बोलणारा त्यांतील एखादा गृहस्थ दुभाष्या होऊन त्याच्यासोबत निघतो. यात्रेकरू मराठीत मागतो, दुकानदार तमिळमध्ये उत्तर देतो आणि व्यवहार बिनबोभाट पार पडतो. परंतु चांगला दुभाष्या केवळ शब्द बदलून थांबत नाही. कोणत्या दुकानी कोणती वस्तू मिळत नाही आणि कोणता दुकानदार मोजताना चुकतो, हेही तो ध्यानात ठेवतो.

संगणकाच्या जगात हे काम ‘हायपरव्हायझर’ नावाची आज्ञावली करते. एकाच खऱ्या संगणकावर ती अनेक आभासी संगणक उभे करते. प्रत्येकात विंडोज किंवा लिनक्ससारखी एक कार्यप्रणाली पाहुणी म्हणून राहते आणि सारे यंत्र आपलेच आहे, अशी तिची समजूत असते. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीने १९६७ साली ही पद्धत प्रत्यक्ष वापरात आणली.

अडचण येते ती यंत्रांच्या खोडींमुळे. पाहुणीने यंत्राच्या ताब्याशी संबंधित आज्ञा देताच यंत्राने थांबून हायपरव्हायझरला वर्दी द्यावी, असे तत्त्व जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली मांडले. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरातील १७ आज्ञा ही अट पाळत नसत. ‘पॉपएफ’ ही त्यांपैकीच एक. अधिकार नसताना तिच्याद्वारे व्यत्ययसंकेत बंद करू गेल्यास प्रोसेसर ते करीत नसे आणि तसे सांगतही नसे. काम झाले, असे मानून पाहुणी पुढे जाई. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालण्यापूर्वीच बदलून घेणारी आज्ञावली बाजारात आणली. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरातच त्यासाठी सोय केली.

तरीही सर्व प्रोसेसर सारखे झाले नाहीत. पाहुणी सुरू होताना प्रोसेसरला विचारते, ‘तुला काय काय येते?’ हा प्रश्न हायपरव्हायझर मध्येच अडवतो व उत्तर स्वतः देतो. चालू आभासी संगणक एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येतो. पण पहिल्याला येणारी आज्ञा दुसऱ्याला येत नसेल, तर पाहुणी कोसळते आणि तिचे अर्धवट काम बुडते. म्हणून समूहातील सर्व यंत्रांना जेवढे येते तेवढेच आरंभी सांगावे लागते. २०१४ साली इंटेलने हॅसवेल प्रोसेसरातील ‘टीएसएक्स’ ही सोय सदोष आढळल्याने बंद करविली. ती उपलब्ध आहे असे आधीच समजून चाललेल्या आज्ञावलीखालून ती काढून घेतली, तर ती आज्ञावली जागीच बंद पडते. दिलेले वचन मध्येच मोडण्याचा हा परिणाम होय.

जोडयंत्रांचेही तसेच. एखादे चित्रकार्ड पाहुणीच्या स्वाधीन करता येते. परंतु पाहुणी बंद झाल्यावर काही कार्डे मूळ स्थितीला येत नाहीत आणि दुसऱ्या वेळी सुरूच होत नाहीत. अशा यंत्रांसाठी लिनक्समध्ये खोडींची एक यादीच ठेवलेली आहे. निर्माता व यंत्र यांचे क्रमांक जुळले की त्या यंत्रापुरता नेमलेला उपाय लागू होतो.

आणखी एक प्रकार नवल वाटावा असा आहे. काही खोडी हायपरव्हायझरच्या स्वतःच्या असतात. त्या सुधारल्या, तर त्यांनाच सरावलेल्या जुन्या पाहुण्या अडतात. म्हणून लिनक्समधील ‘केव्हीएम’ अशा काही खोडी मुद्दाम राखून ठेवतो. ज्याला नको असतील त्याने त्या बंद कराव्यात.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. यंत्राची खोडही सहसा यंत्राबरोबरच जाते. तोवर ती ओळखणे, तिची नोंद ठेवणे आणि पाहुणीला जेवढे निभावता येईल तेवढेच सांगणे, यावरच आभासी संगणकाची विश्वासार्हता उभी असते.