क्लिंगॉनच्या वर्णमालेतल्या रिकाम्या जागा

‘स्टार ट्रेक’मधले क्लिंगॉन योद्धे बोलू लागले की बहुतेकांना ती नुसती गुरगुर वाटते. नटांनी घसा खरवडून काहीतरी ओरडायचं आणि खाली भाषांतर झळकायचं, एवढंच त्यामागे असेल, असा समज आहे. 1979च्या पहिल्या चित्रपटातली मोजकी वाक्यं खरोखर अशी, नुसत्या कानाच्या भरवशावर तयार झाली होती. ती अभिनेते जेम्स डूहन यांनी सुचवली होती. पण 1984च्या तिसऱ्या चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांच्याकडे काम आलं आणि त्यांनी भाषेची पद्धतशीर बांधणी केली. 21 व्यंजनं, 5 स्वर आणि ते कसे जुळतात याचे नियम, हे सगळं 1985मध्ये त्यांच्या कोशात छापून आलं.

दुसरा गैरसमज असा, की हे ध्वनी पृथ्वीवर कुठेच नाहीत. खरं तर त्यातला प्रत्येक ध्वनी कुठल्या ना कुठल्या मानवी भाषेत सापडतो. ओक्रँड यांची डॉक्टरेट कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेवरची, त्यामुळे इंग्रजीबाहेरचे ध्वनी त्यांना नवे नव्हते. पडजिभेपाशी उच्चारला जाणारा ‘क़’ अरबीत आहे, घशातून घासत येणारे ‘ख़’ आणि ‘ग़’ उर्दूत आहेत. भाषेच्या स्वतःच्या नावाचा पहिला ध्वनी मात्र आपल्याला परका आहे. जिभेचं टोक ‘त’सारखं वर टेकवायचं, तिच्या दोन्ही कडा सोडायच्या आणि तिथून हवा जोराने बाहेर ढकलायची. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेच्या नावाच्या शेवटी याचाच जवळचा नातलग ऐकू येतो.

मग ही भाषा इतकी परकी का वाटते? माझ्या मते ओक्रँड यांचं खरं कसब इथेच आहे, आणि ते मराठी वाचकाला चटकन दिसतं, कारण आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसारच लावलेली आहे. क-वर्ग घ्या. क्लिंगॉनमध्ये क, ख, ग, घ यांपैकी एकही नाही, आहे तो फक्त ‘ङ’, आणि तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. ट-वर्गात ‘ड’ आहे, पण ‘ट’ नाही. त्यांचा ‘त’ दातांच्या मागच्या हिरडीपाशी, हकार जोडून उच्चारला जातो. ‘स’ आणि ‘श’ दोन्ही गायब, उरला एकटा ‘ष’. मानवी भाषांत सहसा एका स्थानाचे ध्वनी जोडीने येतात, ‘ड’ असेल तर ‘ट’ही असतो. ती सवय ओक्रँड यांनी जाणूनबुजून मोडली. परकेपणा येतो तो या रिकाम्या जागांमुळे.

रोमन लिपीत क्लिंगॉन लिहिताना शब्दाच्या मध्येच मोठी अक्षरं दिसतात. तो जोर किंवा आरडाओरडा नव्हे. इथे उच्चार इंग्रजीसारखा करू नका, अशी ती नटांसाठी खूण होती. लहान आणि मोठा क्यू हे तर दोन वेगळेच ध्वनी आहेत.

शिवाय वाटेल ते अक्षर वाटेल तिथे बसत नाही. शब्दाचा प्रत्येक उच्चारखंड व्यंजनानेच सुरू होतो. स्वराने सुरू झाल्यासारखा वाटणारा शब्दही आधी कंठ क्षणभर बंद करून सोडल्यावरच निघतो, आणि त्या अडवणुकीचा दर्जा पूर्ण व्यंजनाचा आहे. 2010मध्ये द हेग इथे सादर झालेल्या क्लिंगॉन ऑपेराचं नाव म्हणजे अशा दोन अडवणुकी आणि मधे एक ‘उ’. अर्थ ‘विश्व’.

‘ड’ आणि ‘ष’ आपल्या लिपीतच आहेत, म्हणून मराठी माणसाला सगळं सोपं जाईल, हाही समज अर्धाच खरा. ‘ड’ आपण बिनचूक म्हणतो. ‘षटकोन’ आणि ‘शहर’ मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एकाच ‘श’ने सुरू होतात. क्लिंगॉनसाठी जीभ टाळूकडे वळवून खराखुरा मूर्धन्य ‘ष’ काढावा लागतो.