गाडी थांबते तेव्हा
लेखमाला : मुलं आपापल्या चालीची (लेखांक ९)

गेल्या आठवड्यात आपण निघण्याआधीच्या तयारीविषयी बोललो. आज रस्त्यावर येऊ. गणपतीला मुंबईहून कणकवली-कुडाळकडे स्वतःच्या गाडीने निघालेलं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवा. चारशे किलोमीटरहून लांबचा पल्ला, माणगावची कोंडी, भर पावसातले घाट आणि शेवटी माणसांनी भरलेलं घर. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेलं मूल बरोबर असलं, की आई-बाबांना धास्ती असते ती गाडीतल्या तासांची. माझं म्हणणं असं, की ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांना चालती गाडी सोसते, काहींना तर ती मनापासून आवडते. इंजिनाचा एकसुरी आवाज, पट्ट्याचा अंगावरचा दाब, ठरलेली जागा, ओळखीची चार माणसं. त्यांची खरी परीक्षा गाडी थांबते तिथे असते.

एखाद्या गजबजलेल्या फूड मॉलमध्ये दार उघडल्याक्षणी मुलाच्या अंगावर काय काय येतं, ते एकदा मोजून पाहा. बाहेरचा उकाडा, तळणीचा वास, स्पीकरवरची गाणी, धक्के देत जाणारी गर्दी. स्वच्छतागृहात फिनेलचा भपकारा आणि हात वाळवायच्या यंत्राचा अचानक उठणारा घरघराट. आपला मेंदू यातलं बरंचसं आपोआप मागे सारतो. या मुलांपैकी अनेकांच्या मेंदूला ते तसं सारता येत नाही, सगळं एकाच जोराने आत येतं. मग मूल जमिनीवर लोळण घेतं आणि आजूबाजूचे म्हणतात, ‘काय हट्टी आहे!’ हट्टामागे काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की हट्ट संपतो. असं कोसळणं, म्हणजेच मेल्टडाउन, मात्र हवी ती वस्तू हातात देऊनही थांबत नाही, कारण मुलाने ते मागण्यासाठी केलेलंच नसतं. त्या वेळी समजावणं, दरडावणं, ‘लोक बघताहेत’ म्हणणं, सगळं व्यर्थ. उचलून किंवा हात धरून शांत जागी न्यायचं आणि गप्प बसायचं.

म्हणून थांबे लहान, साधे आणि आधीपासून ठरलेले ठेवा. मोठ्या मॉलपेक्षा महामार्गावरचा कमी गर्दीचा पेट्रोल पंप बरा. एका मोठ्याने आधी उतरून स्वच्छतागृह पाहून यावं. इंडियन आहे की वेस्टर्न, दिवा चालतो का, यंत्र आहे का. तोवर मूल पट्ट्यातच राहू दे. आवाज अडवणारे इअरमफ दार उघडण्याआधी चढवावेत. आवाज एकदा आत शिरल्यावर त्यांचा उपयोग फार थोडा. आणि ‘लागली का?’ असं विचारून थांबू नका. भूक, तहान, लघवीची जाणीव हे शरीराचे आतले निरोप या मुलांपैकी अनेकांना उशिरा कळतात किंवा स्पष्ट कळत नाहीत. ‘नाही’ म्हणणारं मूल खोटं बोलत नसतं. दर दोन तासांनी थांबायचं असं ठरवा आणि विचारल्याशिवाय न्या.

थांब्यावरची दहा मिनिटं खाण्यापेक्षा शरीराला काम देण्यात घालवा. पाण्याचा कॅन उचलून आणणं, भिंतीला दोन्ही हातांनी जोर लावून ढकलणं, पायऱ्या चढणं-उतरणं. स्नायूंवर आणि सांध्यांवर असा जोर पडला की बरीच मुलं निवळतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट क्लिनिकमध्ये करून घेतात तेच हे काम.

एडीएचडी असलेल्या मुलाचं चित्र मात्र पुष्कळदा उलटं असतं. त्याला बसणंच अवघड आणि थांबा म्हणजे सुटका. त्याच्यासाठी थांबे वाढवा. मिथाइलफेनिडेट चालू असेल तर दिवसा भूक मरते, हे लक्षात ठेवून निघण्याआधी, गोळी देण्यापूर्वी, पोटभर खायला घाला. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ बदलायची का, ते डॉक्टरांनाच विचारा.

आपल्याला नको असलेला थांबा म्हणजे कोंडी. इथे बरेच पालक मोबाइलवरची पोहोचण्याची वेळ मुलाला दाखवतात. माणगावात ती वेळ पुढे पुढे सरकू लागली, की आकड्यांवर विसंबणारं मूल कोलमडतं. वेळेचा शब्द देऊच नका, क्रमाचा द्या. आधी महाड, मग कशेडीचा बोगदा, मग चिपळूण. क्रम बदलत नाही. आकडे आवडणाऱ्या मुलाला पिवळ्या डोक्याचे मैलाचे दगड वाचू द्या. कोंडीत वेळ वाढते. दगडावरचं अंतर मात्र कमीच होत जातं. बोगद्यात आवाज आणि उजेड एकदम पालटतो, तेही आधी सांगून ठेवा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ऑटिझम असलेली काही मुलं संधी मिळताच निघून जातात, हाकेला थांबत नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पाण्याची विलक्षण ओढ असते. कोकणात पावसाळ्यात पाणी दारात असतं : विहीर, व्हाळ, तुडुंब भरलेली शेतं. गाडीचं चाइल्ड लॉक लावलेलंच असू द्या. प्रत्येक थांब्यावर दार कोण उघडणार आणि हात कोण धरणार, हे नाव घेऊन ठरवा. सकाळी निघताना, त्याच दिवसाच्या कपड्यांतला मुलाचा फोटो काढून ठेवा. आपला मोबाइल नंबर त्याच्या शर्टाच्या आत शिवा. गावच्या घरी पोहोचताच सामान उतरवण्याआधी विहिरीला कठडा किंवा जाळी आहे का, मागचं दार बंद होतं का, ते एका मोठ्याने पाहून यावं. ‘घरात एवढी माणसं आहेत, कुणीतरी लक्ष ठेवेलच’ या भरवशावर राहू नका. पाळी लावा आणि पाळी बदलताना ‘आता तू बघ’ असं तोंडाने सांगा.

कारण शेवटचा आणि सर्वांत मोठा थांबा म्हणजे ते घरच. दारात आजी, काकू, आत्या, चुलत भावंडं. प्रत्येकाला गालगुच्चा घ्यायचा असतो. आजीला आदल्या दिवशीच फोन करून सांगा : ‘आई, आल्यावर त्याला कुणी जवळ ओढू नका. तो आधी मागच्या पडवीत बसेल, मग आपणहून येईल.’ बहुतेक आज्या हे समजून घेतात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आरतीला झांजा सुरू झाल्या की त्याला इअरमफ लावून अंगणात उभं राहू द्या, देवाला ते चालतं. मोदक खाल्ला नाही तर आग्रह नको. घरून आणलेलं त्याच कंपनीचं बिस्किट खाऊ दे.

पुढच्या आठवड्यात : मागच्या सीटवरचं दुसरं भावंड, ज्याच्याकडे या सगळ्या धावपळीत कुणाचंच लक्ष जात नाही.