वीकेंडला बँकॉक? आधी तासांचा हिशोब करा!

जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की घरातली मोठी माणसं त्यात चतुर्थी-एकादशी बघतात आणि आपण लाल तारखा. शुक्रवार लाल आहे का? सोमवार? मंगळवार लाल असेल तर सोमवारी आपलं पोट बिघडणार, हे तेव्हाच ठरून जातं. मग कधीतरी कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता कुणीतरी पुडी सोडतं, "ए, लोणावळा-अलिबाग बास झालं यार. बँकॉकला जाऊ या? चार तासांत तर पोहोचतो!"

बास. लॅपटॉप उघडले जातात, तिकिटांचे दर बघितले जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो. सहापैकी दोघं शेवटी जातात. आणि जे जातात त्यांचे मंगळवारचे चेहरे दोनच प्रकारचे असतात. एक, आठवडाभर टवटवीत. दुसरा, "मजा आली रे" असं म्हणत कॉफी मशीनला टेकून उभा असलेला. शहर तेच, बजेटही साधारण तेवढंच. मग फरक कुठे पडतो?

फरक पडतो त्या 'चार तासांत'मध्ये. मुंबई-बँकॉक विमान हवेत असतं सव्वाचार तास. तुमचा प्रवास मात्र घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत असतो आणि तो कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

दारापासून दारापर्यंत

चला, कागद-पेन घ्या. तुम्ही राहता ठाण्यात. शुक्रवारी रात्री साडेअकराचं विमान आहे. तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचं आणि शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे ट्रॅफिक. सातला निघालात तर साडेआठला टर्मिनलवर. विमान आपल्या पावणेचारला उतरतं. तिथे घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे पहाटेचे सव्वापाच. इमिग्रेशन, बॅग, गाडी. हॉटेलच्या काउंटरपाशी पोहोचेपर्यंत सकाळचे सात. आपले साडेपाच. झाले साडेदहा तास! साडेदहा तासांत तुम्ही मालवणला पोहोचून घावणे खात बसला असता. शिवाय रात्रीच्या ट्रेनमध्ये निदान आडवं तरी होता येतं.

येताना रविवारी संध्याकाळी आठचं विमान धरा. चारला हॉटेल सोडायचं, आपल्या वेळेनुसार रात्री अकराला मुंबईत उतरायचं, पाऊणला ठाण्यात घराची बेल. सव्वादहा तास. जाऊन-येऊन ढोबळमानाने एकवीस.

आता या एकवीस तासांच्या बदल्यात शहर किती मिळालं? शनिवारी सकाळी सात ते रात्री अकरा, त्यातून डुलकी, अंघोळ आणि खोलीची वाट बघणं यांचे तीन तास वजा. राहिले तेरा. रविवारी आठ ते चार, आठ तास. तेरा आणि आठ, एकवीस! म्हणजे तासाला तास. जितका वेळ बँकॉकमध्ये जागे, तितकाच वेळ रांगेत, टॅक्सीत नाहीतर मधल्या सीटवर.

पुणेकरांनो, तुम्ही यात एक्स्प्रेसवेचे जाऊन-येऊन आणखी पाच-सहा तास घाला. पुण्याहून सोयीच्या वेळेचं थेट विमान मिळालं तरच तुमचं गणित वेगळं होईल. आणि आता मुंबईकरांनाही तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. बोरिवलीत राहून चुकून तिथलं तिकीट काढलंत, तर ट्रिपच्या आधीच एक छोटी ट्रिप होईल.

एका रजेची किंमत

आता याच ट्रिपला एक रजा जोडा. रविवारऐवजी सोमवारी संध्याकाळी परत या. प्रवास तेवढाच, एकवीस तास. पण रविवार रात्रीपर्यंत पूर्ण मिळाला आणि वर सोमवारचे आठ तास आले. एकवीसचे झाले छत्तीस!

पैशांत बोलू या. समजा विमान, हॉटेल, खाणं-पिणं, शॉपिंग धरून दोन दिवसांचे ४५ हजार लागले. भागिले एकवीस, म्हणजे तासाला २१०० च्या वर. एक रात्र जास्त राहून ५० हजार झाले, भागिले छत्तीस, तासाला १४०० सुद्धा नाहीत. हे आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. पण उत्तराची दिशा बदलत नाही. स्वस्त तिकिटाच्या मागे तीन आठवडे घालवणारे आपण एक रजा मागायला मात्र बॉसच्या केबिनबाहेर घुटमळतो. माझं स्पष्ट मत आहे, एकही रजा न घेता बँकॉक करू नका. लोक करतात आणि फोटोही झकास येतात. पण फोटोत झोप दिसत नाही.

हा हिशोब सांगितला की काही जण चिडतात. "मजेला काय स्टॉपवॉच लावायचा?" नका लावू! तिथे पोहोचल्यावर घड्याळ खिशात टाका. पण तिकीट काढताना बघा, कारण वर्षाच्या रजा मोजक्याच असतात. त्यातल्या दोन गणपतीच्या, एक मावसबहिणीच्या लग्नाची, एक आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची. उरलेल्यांतली एक तुम्ही इथे लावताय. साताऱ्याला आई-बाबा 'कधी येतोस' म्हणून विचारतायत, तेही याच शनिवार-रविवारचे उमेदवार आहेत. आणि बँकॉकला जायला वेळ आहे, घरी यायला नाही, हे वाक्य ते तोंडावर बोलत नाहीत. मामीला फोनवर सांगतात.

पूर्वेला जाताय की पश्चिमेला?

याचा विचार फार कमी लोक करतात. पूर्वेकडे गेलं की घड्याळ पुढे जातं, म्हणजे जातानाची रात्र आखडते. बँकॉकच्या विमानात साडेअकराला बसलात, एकला जेवणाची ट्रॉली आली, चारच्या आत उतरलात. झोप झाली किती? दोन, फार तर अडीच तास. पण येताना तोच दीड तास परत मिळतो.

पश्चिमेकडे उलटं. दुबई साधारण तीन-सव्वातीन तासांवर आणि घड्याळ दीड तास मागे. शुक्रवारी रात्री साडेनऊला निघालात तर तिथे अकराच्या सुमारास उतरता, थोडं उशिरा का होईना पण गादीवर झोपता. शनिवार सकाळ फ्रेश! मार येतानाचा. दुबईहून रविवारी रात्री दहाला निघालेलं विमान मुंबईत पहाटे दोननंतर उतरतं आणि सोमवारचे बारा वाजतात. म्हणून दुबईहून दुपारचं विमान शोधायचं आणि बँकॉक-सिंगापूरहून संध्याकाळचं. जुन्या दुबईकर नातेवाइकांकडून शुक्रवारच्या सुट्टीच्या गोष्टी ऐकल्या असतील, तर त्या विसरा. जानेवारी २०२२ पासून तिथे सरकारी सुट्टी शनिवार-रविवारची आणि शुक्रवार अर्धा.

आता एक गंमत. रात्रीच्या प्रवासात लांबचं विमान बरं पडतं! सिंगापूर साडेपाच तास. मुंबईहून साडेअकराला निघालात तर तिथे सकाळी साडेसातला. घड्याळ अडीच तास पुढे गेलं खरं, पण विमानात चार-साडेचार तास सलग झोप मिळू शकते. शिवाय चांगीहून शहरात जायला मेट्रो आहे. फक्त सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो, तोही अधिकृत एजंटमार्फत. 'शुक्रवारी ठरलं, शुक्रवारी निघालो' हा फंडा तिथे चालत नाही.

आणि युरोप? तीन दिवसांत पॅरिस करून आलेले महाभाग आहेत. नऊ तासांच्या वर विमान, त्याआधी शेंगेन व्हिसासाठी अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, बोटांचे ठसे. आयफेल टॉवरसमोर जांभया द्यायला कुणी एवढं करू नये.

दोन दिवसांत मावणारं शहर

काही शहरं वीकेंडलाच बघायची असतात, आणि बँकॉकची खरी बाजू इथे भक्कम आहे. चतुचक मार्केट खऱ्या अर्थाने भरतं ते शनिवार-रविवारीच. कपडे, कुंड्या, चिनीमातीची भांडी, सेकंडहँड जीन्स, नारळाचं आइस्क्रीम. आपल्या फॅशन स्ट्रीटला दहा-वीस वेळा गुणा. स्कायट्रेनने मो चितला उतरलं की समोरच. ही स्कायट्रेन डिसेंबर १९९९ पासून धावतेय आणि बँकॉकच्या जगप्रसिद्ध ट्रॅफिकवर तोच उतारा आहे. त्यामुळे हॉटेल निवडताना स्टार मोजू नका, स्टेशन किती पावलांवर आहे ते मोजा. स्टेशनपासून लांबच्या स्वस्त हॉटेलात वाचलेले हजार रुपये दोन दिवसांच्या टॅक्सीत जातात, आणि वेळ जातो तो वेगळाच.

ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकिटं बंद. हाफ पँट आणि स्लीव्हलेस चालत नाही. शेजारच्या वाट फोमध्ये ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे आणि त्याच आवारात थाई मसाजची शाळाही. साडेदहा तासांच्या प्रवासानंतर दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व जास्त पटतं! तिथून बोटीने चाओ फ्राया नदी ओलांडली की वाट अरुण. एवढं शनिवारचं झालं. रविवारी मार्केट. सोमवारी, म्हणजे त्या सोन्यासारख्या रजेच्या दिवशी, काहीही ठरवू नका. कॉफी प्या, भटका. आणि परत निघताना सुवर्णभूमीवर (हो, विमानतळाचं नावच ते) समुद्रमंथनाचं भव्य शिल्प आहे. देव-दानव, वासुकी, सगळे हजर! सिक्युरिटीच्या घाईत अनेक जण न बघताच पुढे जातात.

फुकेत-क्राबी मात्र यात कोंबू नका. समुद्र हवा असेल तर सरळ समुद्राचीच ट्रिप करा. अंधेरी आणि हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं माहितीत आहे, आठवड्यातून दोनच दिवस एकत्र असणारं. दोघं बँकॉकला गेली आणि रविवार पूर्ण खोलीत झोपून काढला. दोघं खूशही होती! पण तेवढ्यासाठी दिवेआगरचं एखादं होम-स्टे पुरलं असतं, वर सोलकढी मिळाली असती. म्हणून तिकिटाआधी एक प्रश्न एकमेकांना विचारा, "तिथे नेमकं काय करायचंय?" उत्तर एका वाक्यात आलं तर जा. 'जस्ट चिल' हे उत्तर असेल, तर चिल मारायला पासपोर्ट लागत नाही.

आमचं लाडकं, पण दुर्लक्षित शहर म्हणजे कोलंबो. मुंबईहून अडीच तासांच्या आसपास आणि घड्याळ हलवायचीही गरज नाही. एप्रिल २००६ पासून श्रीलंकेची वेळ आपलीच. शहर आटोपशीर. गॉल फेसवर संध्याकाळी इस्सो वडे खायचे, दुसऱ्या दिवशी समुद्राला खेटून जाणाऱ्या ट्रेनने गॉलचा किल्ला गाठायचा. प्रवासाच्या तासांपेक्षा शहराचे तास जास्त, आणि तेही फारशी ओढाताण न करता. फक्त पौर्णिमा बघून जा! तिथे प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत. बीचवर बिअरचा बेत असलेल्यांनी यासाठी तरी कॅलेंडर नीट वाचावं.

निघण्यापूर्वी

पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली तेव्हापासून ही वीकेंडची लाट वाढली. पण असे नियम बदलत राहतात, तेव्हा मित्राच्या शब्दावर न जाता दूतावासाच्या वेबसाइटवर बघा. १ मे २०२५ पासून तिथे डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. दुकानात कार्ड घासताना मशीन रुपये की बाथ असं विचारतं. रुपये बघून बरं वाटतं, पण बाथच निवडा. रुपयांचा दर दुकानाच्या बँकेचा असतो आणि तो क्वचितच आपल्या भल्याचा.

वर्षातून दोन-तीनदा जाणार असाल तर इमिग्रेशनच्या फास्ट ट्रॅक योजनेत नाव नोंदवा. मुंबईत ती जानेवारी २०२५ पासून आहे, भारतीय पासपोर्टवाल्यांना फुकट. रांगेऐवजी ई-गेटमधून बाहेर. चेक-इन बॅग नेऊ नका. दोन दिवसांना एक पाठपिशवी पुरते, आणि रात्री अकराला बेल्टपाशी ताटकळत उभं राहणं वाचतं.

आणि दुसऱ्या दिवशीची दहाची मीटिंग साडेअकराला ढकलायची असेल तर तो मेल निघायच्या आधी, शुक्रवारी दुपारीच टाका. टॅक्सीच्या रांगेतून रात्री बाराला पाठवलेल्या 'नॉट फीलिंग वेल'वर कुठलाही बॉस विश्वास ठेवत नाही. विशेषतः तुमचे चतुचकचे फोटो त्याने आधीच लाइक केलेले असतील तर.