चाळीसपैकी किती?

पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते, असं ज्योतिषी सांगतात. यावर वाद घालत बसण्यापेक्षा तपासूनच पाहू, असं खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी ठरवलं आणि २००८ मध्ये पुण्यात ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. सोबत होते संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. घाटपांडे पूर्वी स्वतःच पत्रिका पाहत. ज्योतिषांच्या पळवाटा त्यांना घरच्याच.

शाळांमधून मुलांचे जन्मतपशील गोळा झाले. शंभर मुलं हुशार, शंभर मतिमंद. दोनशे पत्रिका मांडल्या, त्यांची सरमिसळ केली. कुठली कुणाची, याची नोंद पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात राहिली. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका पाठवायच्या आणि त्याने एवढंच लिहायचं: हुशार की मतिमंद.

नाणं उडवून उत्तरं लिहिली तरी चाळीसपैकी वीसेक बरोबर येणारच. म्हणून ‘माझी निम्मी भाकितं खरी ठरतात’ या फुशारकीला काडीचा अर्थ नाही. नुसत्या नशिबाने अठ्ठावीस बरोबर येणं शंभरात एखाद्यालाही जड, तेव्हा कसोटी अठ्ठावीसची. घरगुती औषधांचंही हेच. काढा घेतला, आठवड्यात सर्दी गेली. पण काढा न घेणाऱ्या शेजाऱ्याची कधी गेली, हे कोण विचारतो?

५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं पाठवली २७ जणांनी. एकूण यश ४६ टक्के, म्हणजे नाण्याहूनही किंचित कमी. सर्वांत चांगली कामगिरी चाळीसपैकी चोवीस. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर निघाली.

एका प्रयोगाने अख्खं ज्योतिष निकालात निघत नाही, हे खरं. इथे तपासला गेला तो एकच दावा. पण तो नेमका होता, उत्तर हो किंवा नाही असंच होतं, आणि उत्तर तपासणाऱ्याला ते फिरवायला जागा नव्हती. ‘यंदा थोडा त्रास, पण पुढे भरभराट’ हे भाकीत कधी चुकणार?

जन्मवेळा अचूक नसतील, असा आक्षेप घेता येईल. घ्यावाही. फक्त मग स्थळाची पत्रिका आली की तिच्यावरची जन्मवेळही तितक्याच संशयाने पाहावी लागेल, आणि छत्तीस गुणांचा हिशेब तिथेच अडेल.