रायफल अंगास बेतणें

सेलू तालुक्यांत बोरच्या जंगलालगत रोही व रानडुकरें शेतांत शिरलीं, कीं घरांतील जुन्या रायफलीची आठवण होते. १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद झाली. पीक बुडविणाऱ्या जनावरावरही वनखात्याच्या परवानगीवांचून गोळी झाडतां येत नाहीं. परवानगी मिळालीच, तर जनावर घायाळ होऊन पळूं नये, एवढ्यासाठीं रायफल आपल्या अंगास बेतलेली हवी.

आमची रायफल इशापूरच्या सरकारी कारखान्याची, ·३१५ ची. घडण लष्करी ली-एनफील्डची. ·३०३ खाजगी माणसास मना, म्हणून नळी निराळी. हिच्या लाकडाचे दोन भाग असून मागचा दस्ता आंतून एका लांब बोल्टनें आवळलेला असतो. तो परवानेदार कारागिराकडून बदलून हाताच्या मापाचा बसवावा व टोकास रबराची गादी लावावी, म्हणजे खांद्यास बसणारा धक्का सौम्य होतो. नळी आखूड करणें मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं वेगळ्या परवान्याचें काम आहे.

दुर्बिणीची हौस पुष्कळांस असते. आमचें मत, आधीं पुढचें लाकूड पाहावें. पावसाळ्यांत तें फुगून नळीस दाबतें आणि नेम सरकतो. आम्हीं हें न ओळखतां, गोळी खालीं लागते म्हणून माशी कानशीनें घासली. हिवाळ्यांत लाकूड सुकलें, गोळ्या वर जाऊं लागल्या, आणि माशी नवी बसवावी लागली.